डायवरीन बाय आणि तिचे पॅसेंजर

बायचा हात तोंडाच्या आधी चालायचा. आमची ओळखच तिने माझ्या कानाखाली आवाज काढून करून घेतली. सानपाड्याला पुलाखाली, भर दुपारी, रिक्षास्टँडवरच्या पाच-सहा जणांच्या देखत. माझ्या हातात चेन लावलेली कापडी पिशवी होती, पिशवीत मांजर होतं आणि ते मला तिच्या टेम्पोत बसवून द्यायचं होतं. मी "नमस्कार मावशी" म्हणाले. तिने पिशवीकडे पाहिलं आणि सणकन एक ठेवून दिली. मग म्हणाली, "तुज्या तोंडावर चेन लावू का? आदी ती पिशवी उघड, मंग रड."

मी रडणाऱ्यातली नव्हते. माझे वडील साताऱ्याकडून येऊन बाजारात माथाडी म्हणून ओझी उचलायला लागलेले, आणि आमच्या घरात लाड आणि मार एकाच हाताने मिळायचे. मी चेन उघडली, मांजराचं डोकं बाहेर आलेलं पाहिलं आणि मग मीही हात उगारला. बायने माझं मनगट वरच्या वर धरलं. पकड अशी की हातातली बांगडी चेपली. ती माझ्याकडे निरखून पाहत राहिली आणि म्हणाली, "राग येतो तुना. बरं हाय. चल, बस बाजूला. कोपरखैरण्याला जायचंय, मांजरीला कोन धरील?" गालावर तिची पाच बोटं घेऊन मी टेम्पोत बसले आणि पुढची सहा वर्षं बसतच राहिले.

बाय दिवाळे गावची कोळीण. खरं नाव आधार कार्डावर असेल. गावात टेम्पो चालवणारी ती पहिली बाई, म्हणून सगळे तिला 'डायवरीन बाय' म्हणत. पहाटे धक्क्याला बोटी लागल्या की मासळीच्या टोपल्या ती बाजारात पोचवायची. दहापर्यंत धंदा आटोपला की टेम्पो धुवायची, फिनेल मारायची, तळाला कोरडी गोणपाटं अंथरायची. दुपारनंतर टेम्पो 'पॅसेंजर'साठी मोकळा. पॅसेंजर म्हणजे गाडीखाली सापडलेली, गटारातून काढलेली, कुणी गोणीत घालून फेकून दिलेली कुत्री-मांजरं. आमचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यात कुणी जनावर वाचवलेलं असायचं, कुणी ते पाळायला तयार असायचं, आणि मधल्या दहा-पंधरा किलोमीटरवर सगळं अडायचं. रिक्षावाला कुत्र्याचं तोंड बघून गिअर टाकतो, टॅक्सीवाल्याला सीटची काळजी, आणि बसमध्ये विचारायचीही सोय नाही. 'खारघरहून वाशी, एक मादी, टाके ताजे आहेत, कोणी नेईल का?' असा मेसेज पडला की बायचा आवाज यायचा. टाइप करायचा तिला कंटाळा. ती फक्त "आली" एवढंच बोलून पाठवायची.

तिच्या टेम्पोत मांजरं कधी ओरडली नाहीत. कितीही फिनेल मारलं तरी फळ्यांत मुरलेला बोंबलाचा वास जात नसे, आणि नव्या घरी निघालेली मांजरं वाटभर फळ्या चाटत बसत. कुत्र्यांना मात्र वळणावर उलट्या व्हायच्या आणि त्या नेमक्या माझ्या मांडीवर. बायला त्याचं काहीच वाटत नसे. "पोटातलं तुज्यापाशी ठेवलं त्यानी, इस्वास बसला," म्हणायची आणि टेम्पो आणखी जोरात हाणायची.

तिचे दोन्ही हात कोपरापासून खाली दातांच्या खुणांनी भरलेले होते. चावरं कुत्रं धरायची तिची रीत कोळणीचीच होती. बाद झालेलं जाळं घडी घालून ती सीटखाली ठेवायची. कुत्रं अंगावर आलं की मागे हटायची नाही. जाळं फेकायची, त्यावर स्वतः पडायची, डोळ्यांवर गोणपाट टाकायची आणि जुन्या लुगड्याची पट्टी तोंडाला गुंडाळायची. या खटाटोपात दात लागायचेच. मग आम्ही सरकारी दवाखान्यात सुईच्या रांगेत. तिथला डॉक्टर तिला बघून नुसती मान हलवायचा. "दात लावतो म्हनजे जगायचंय त्याला," बाय त्यालाच समजावायची. "गप पडून राहतो ना, त्याची भीती वाटते मना."

जनावरांच्या दातांची तिला भीती नव्हती, तशी माणसांच्या काठ्यांचीही नव्हती. एकदा तुर्भ्याला गोदामांच्या मागे तीन माणसांनी एका कुत्र्याला तारेने खांबाला बांधून बांबूने ठेचायला घेतलं होतं. तो कुणाला तरी चावला होता म्हणे. आम्ही पोचलो तेव्हा त्याचा मागचा पाय उलटा लोंबत होता, एक डोळा बाहेर आला होता आणि तरी तो खांबाभोवती फिरायचा प्रयत्न करत होता. बाय उतरली ती जॅकचा दांडा घेऊनच. बोलणं नाही, विचारणं नाही. पहिल्याच्या मनगटावर घाव घातला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मी टेम्पोत ऐकला. दुसऱ्याच्या गुडघ्यावर बसला आणि तो खाली कोसळला. तिसऱ्याने पळता पळता फेकलेला बांबू माझ्या खांद्यावर आदळला, त्याची कळ पावसाळ्यात अजून येते. तार कापून कुत्र्याला आम्ही गोणपाटावर घेतलं आणि बायने हॉर्नवरचा हात न उचलता टेम्पो पळवला, पण दवाखाना यायच्या आधीच त्याने माझ्या मांडीवर मान टाकली. तिने टेम्पो दिवाळ्याकडे वळवला आणि खाडीच्या काठाला स्वतः खड्डा खणला. माती लोटताना म्हणाली, "मेला. पन खांबाला बांधून नाय मेला." 

एवढं असूनही ग्रुपमध्ये तिची ख्याती मारामारीची नव्हती, भांडणाची होती. जनावर द्यायचं तर इतर मंडळी फॉर्म भरून घेत. घर स्वतःचं की भाड्याचं, गॅलरीला जाळी आहे का, दिवसा घरी कोण असतं. बायला ते पटत नसे. "फारम भरताना सगलेच देव असतात," ती म्हणायची. तिची परीक्षा वेगळी होती. पॅसेंजर टेम्पोतच ठेवून आधी ती एकटी घरात शिरायची आणि भांडण उकरून काढायची. चिखलाच्या चपला घालून सोफ्यावर बसायची. चहा तोंडाला लावून "गटाराचं पानी बरं" म्हणायची. सुनेसमोर सासूच्या आणि सासूसमोर सुनेच्या चुका काढायची. मी दारात उभी राहून शरमेने अर्धी व्हायचे. घरातली माणसं चिडली, ओरडली, शिव्यांवर आली की बाय गप्प होऊन त्यांचे हात बघायची.

याचं कारण तिने मला एकदाच सांगितलं, गाडी सिग्नलला थांबलेली असताना, रस्त्यावरची नजर न काढता. "माजा नवरा लय गोड मानूस. बारा महिन्यांत अकरा महिने गोड. सगला गाव त्याचं नाव काढायचा. राग आला की वल्हं काढायचा. माजी दोन दाढं त्यानीच पाडलीत. एक दिवस वल्हं मी उचललं. त्याचा खांदा निखलला आनि तो उरनला त्याच्या भावाकडं गेला, तो परत नाय आला. मानूस गोड हाय का नाय ते कशाला बघायचं? राग आल्यावर हात कुठं जातो ते बग."

आणि ती खरंच बघायची. खारघरच्या एका घरात आजोबांनी भांडणाच्या भरात स्टीलचा पेला भिरकावला. पिल्लू परत. नेरूळला एका नवऱ्याने हसतमुखाने बोलता बोलता बायकोच्या दंडाला चिमटा काढला. मला दिसलाही नाही. बायला दिसला. ती उठली आणि त्या बायकोला म्हणाली, "मांजर नाय देत. तुना येयाचं असेल तर टेम्पोत जागा हाय." बायको आली नाही, पण दार लावताना रडत होती. याउलट वाशीची एक जाडजूड बाई बायला अशा शिव्या घालत होती की माळ्यावरची सगळी दारं उघडली. पण शिव्या घालता घालता तिने टीपॉयवरचा गरम चहा उचलून उंच फळीवर ठेवला. कुत्रं यायच्या आधीच तिला कुत्र्याची काळजी. बायने तिथल्या तिथे खाली येऊन पॅसेंजर तिच्या हवाली केला. परत येताना म्हणाली, "तोंड फाटकं, हात शाना."

या परीक्षेत मी केव्हाच नापास झाले होते, हे मला उशिरा कळलं. एका रविवारी माझी मुलगी सई आमच्याबरोबर टेम्पोत होती. सात वर्षांची. तिने मांजराच्या पिंजऱ्याचं दार उघडलं, मांजर उडी मारून रस्त्यावर गेलं आणि गाड्यांमधून कसंबसं सापडलं. मी सईच्या थोबाडीत मारली. एक नाही, तीन. बायने टेम्पो कडेला घेतला, सईला माझ्या बाजूने उचलून आपल्या बाजूला बसवलं आणि पुढे निघाली. मला त्या वेळी वाटलं, म्हातारीला पोरीचा पुळका आला. माझ्या रागाला माझ्या लेखी कारण होतं. ज्याला राग येतो त्याला नेहमीच कारण असतं.

मग तांबडी आली. तळोज्याला मी ज्या कंपनीच्या लॅबमध्ये काम करते, तिच्या गेटवरची कुत्री. कँटीनच्या मागच्या दाराशी आली म्हणून कुणीतरी तिच्या पाठीवर उकळतं पाणी ओतलं होतं. मागचा अर्धा भाग बिनकेसांचा, गुलाबी, चकाकणारा. मी वर्षभर तिला डब्यातली पोळी घालत होते. ती कुणाच्याही हाताखाली येत नसे, माझ्या मात्र बुटावर हनुवटी ठेवून झोपायची. एके दिवशी गेटवरच्या सिक्युरिटीच्या मुकादमाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, शनिवारी साहेब लोकांची व्हिजिट आहे. त्याच्या आत न्या. नाही तर आमी आमच्या पद्धतीने नेऊ." त्यांची पद्धत मला माहीत होती. मागच्या वर्षी दोन कुत्री त्यांनी दंडुक्यांनी मारून कंपाउंडबाहेर टाकली होती.

मी बायला फोन केला आणि म्हणाले, तांबडीला मीच नेते, माझ्या घरी.  मग बाय म्हणाली, "कुत्री मी उचलते. तुना नाय देनार."

"का?"

"तुजा हात उठतो."

मी खूप बोलले. तुझा नाही का उठत, तू कोण मोठी लागून गेलीस, तू तर हाडं मोडतेस. बायने सगळं ऐकून घेतलं. "म्हनून तर मी कुत्रं पालत नाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. खरंच, एवढी शेकडो जनावरं नेली, पण तिच्या घरी एक नव्हतं. हे माझ्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

शुक्रवारी तांबडीला आम्ही उचललं. जाळ्यात ती पोटातून ओरडत होती. तिला द्यायला ग्रुपने सीवूड्सचे एक निवृत्त काका शोधले होते. एकटे, स्वच्छ घर, पांढरा लेंगा-सदरा, हळू आवाज. बायने त्यांच्या घरात यथासांग धिंगाणा घातला. चहा फरशीवर ओतला, घराला प्रेताचा वास येतो म्हणाली, मुलं विचारत नसतील म्हणून कुत्रं हवं झालं असेल, असंही म्हणाली. काकांचा आवाज चढला नाही. त्यांनी फडकं आणलं, फरशी पुसली आणि म्हणाले, "आक्का, दमून आला असाल. दुसरा करतो." बाय थक्क झाली. जिन्यात मला म्हणाली, "असा मानूस मी बगितला नाय. ह्याच्यात रागच नाय." तांबडी तिथे राहिली. मला त्या घराचा हेवा वाटला आणि बायचा रागही आला.

ग्रुपवर काकांचे फोटो यायचे. तांबडी चटईवर, तांबडी ताटलीपाशी. सगळे हात जोडायचे, हृदयं टाकायचे. सहा आठवड्यांनी मी ते फोटो एकापाठोपाठ एक पाहिले आणि मला जाणवलं की एकातही तिची मान वर नाही. मी बायला फोटो दाखवले. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन एकेक पाहिला आणि टोपल्या तशाच टाकून टेम्पो सुरू केला.

काकांनी हसून दार उघडलं. "या आक्का, चहा?" तांबडी हॉलमध्ये नव्हती. बायने जिभेने टकटक केलं. आतून काहीच आवाज नाही. आम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या छोट्या गॅलरीत गेलो. वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामध्ये तांबडी होती. साखळी वीतभर. तोंडाला चिकटपट्टी. त्या भाजलेल्या, कातडी नुकती धरलेल्या पाठीवर आडवे वळ, काही जुने, काही ओले. बाजूच्या कट्ट्यावर प्लॅस्टिकच्या पाइपाचा हातभर तुकडा स्वच्छ पुसून ठेवला होता.

काका मागून शांतपणे सांगत होते. "घाण केली की पाच. भुंकली की तीन. एक जास्त नाही, एक कमी नाही. आणि राग अजिबात करायचा नाही, रागाने शिस्त बिघडते. माझ्या मुलांवरही मी कधी आवाज चढवला नाही."

मी बायच्या हाताकडे पाहिलं. आता उठेल, आता उठेल. तो उठला नाही. ती त्या पाइपाकडे बघत उभी राहिली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ह्याला तर रागच येत नाय." तिची आयुष्यभराची परीक्षा त्या गॅलरीत फुकट गेली होती. वल्हं घेणाऱ्या माणसाला तिने अंधारातही ओळखलं असतं. न रागावता मारणारा माणूस तिने कधी पाहिलाच नव्हता.

पाइप मी उचलला. पहिला काकांच्या खांद्यावर, दुसरा कानावर. ते भिंतीला टेकून खाली बसले तरी मी थांबले नाही. पाठ, हात, नडगी. त्यांचा चष्मा फुटला, कान फाटून सदऱ्यावर रक्त आलं. ते ओरडत होते, म्हणजे आवाज चढत होता त्यांचा, आणि ते ऐकून मी आणखी मारत होते. तेवढ्यात बायने साखळी सोडवली आणि तोंडावरची पट्टी काढली. भीतीने वेड्या झालेल्या तांबडीने समोर आला तो हात धरला. बायचा उजवा. दात तळव्यातून आरपार गेले. बायने हात ओढला नाही, ओरडलीही नाही. तसाच कुत्रीच्या जबड्यात हात ठेवून तिने डाव्या हाताने माझ्याकडून पाइप हिसकावून घेतला. शेजारी आणि वॉचमन धावत आले तेव्हा त्यांनी पाहिलं ते एवढंच: काका रक्तात, आणि पाइप बायच्या हातात.

पोलीस चौकीत हवालदाराने विचारलं, "मारलं कोणी?" मी तोंड उघडायच्या आत बाय म्हणाली, "मी." काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं, पण सोसायटीच्या चार जणांनी पाइप बायच्या हातात पाहिला होता. तांबडीची पाठ पाहून हवालदाराने काकांनाही दोन प्रश्न विचारले, तसे काका मवाळ झाले. बायकडून माफीनामा लिहून घेतला, उजवा हात चालत नव्हता म्हणून डाव्या अंगठ्यावर. "तुजी नोकरी हाय," ती बाहेर येऊन म्हणाली. ग्रुपवर मात्र कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरला. वृद्ध माणसाला मारणारी बाई आपल्यात नको, असं ठरलं आणि तिला ग्रुपमधून काढलं. मी तेव्हा एक ओळ लिहायला हवी होती. लिहिली नाही. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना मी तांबडीची दोरी घ्यायला हात पुढे केला. मला वाटलं, आता तरी ती मला देईल. बाय म्हणाली, "मारताना तुजं तोंड बगितलं मी. तुना मजा आली."

मी तिला नाही नाही ते बोलले आणि निघून आले. तीन महिने दिवाळ्याकडे फिरकले नाही. ती खोटं बोलली असती तर तिसऱ्या दिवशी गेले असते.

एका संध्याकाळी सईने दुधाचं पातेलं सांडलं. माझा हात उठला. सई आता दहाची झाली होती. ती पळाली नाही, रडली नाही. तिने हनुवटी छातीला लावली, डोळे मिटले आणि सवयीने वाट बघत उभी राहिली. माझा हात तिथेच राहिला. मग मी तो खाली घेतला आणि फडकं आणून फरशी पुसली. सई बराच वेळ तशीच उभी होती, कारण मार आला नाही तर पुढे काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दिवाळ्याला गेले. बाय ओट्यावर बसून डाव्या हाताने सुकट निवडत होती. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. टेम्पो आता भाचा चालवायचा. तांबडी तिच्या पाठीशी झोपली होती. मी तिला सईचं सगळं सांगितलं.

"हात आपला आपन खाली आला का कोनी धरला?"

"आपला आपण."

"एकदा आला," बाय म्हणाली. "उद्या ये."

मी दुसऱ्या दिवशी गेले. मग दर शनिवारी. ती भांडण काढत नसे, परीक्षा घेत नसे. सुकट निवडायला लावायची, तांबडीला औषध लावायला लावायची, बसवून ठेवायची. एकदा म्हणाली, "भांडून कलत नाय गो. मी वेडी. बसून कलतं." आपली चूक तिने एवढ्याच शब्दांत कबूल केली, आणि मला ते ऐकवेना. असं वर्ष गेलं. मग एका शनिवारी म्हणाली, "पोरीला आन."

सईला तिने समोर पाटावर बसवलं. मला उठायला सांगितलं नाही. मी ऐकत असतानाच विचारलं, "आई मारते?"

सईने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"आधी मारायची," सई म्हणाली.

"आदी म्हनजे कवापरत?"

सईने खरंच आठवून पाहिलं. "मागच्या गणपतीपर्यंत."

बायने माझ्याकडे पाहिलं. तिने त्या वेळी माझ्या थोबाडीत दिली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने दिली नाही. वाकडी बोटं दोरीत अडकवून तांबडीला उठवलं आणि दोरी सईच्या हातात दिली, माझ्या नाही. "ही तुजी. नाव तू ठेव. आनि आयकून ठेव. आईचा हात परत उठला, तर दोगींनी सरल माज्याकडं येयाचं. इचारायचं नाय कोनाला."

सईने मान डोलावली. सानपाड्याला उतरेपर्यंत तिने दोरी सोडली नाही.

त्यानंतर पाच महिन्यांनी बाय गेली. सकाळी धक्क्यावरच, टोपल्यांच्या मध्ये, छातीत कळ आली आणि बसली ती उठली नाही. ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली, कुणीतरी हात जोडले. मी आणि सई अंत्ययात्रेला जाऊन आलो. घरी येऊन मी अंघोळ केली, चहा टाकला. सई कुत्रीच्या गळ्याभोवती हात टाकून दाराशी बसली होती. तिथूनच तिने मला विचारलं, "आता आम्ही दोघींनी कुठे जायचं?"